बाळसं कुठवर?

दिवाळीच्या सुट्टीत बहीण माहेरी आली की आमची आई भाच्याचा करदोडा बदलते. यंदा जुना करदोडा काही केल्या सुटेना. गाठ कातडीत रुतून बसली होती. शेवटी कात्रीने कापला, तर कमरेभोवती लाल वळ उमटलेला. आईला त्याचं काही वाटलं नाही. वळावर खोबरेल चोळत ती कौतुकाने म्हणाली, "भरला हो माझा राजा अंगाने." राजा अकरा वर्षांचा, सहावीत.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. काही दिसलं की मोजून बघायचं, ही त्या नोकरीने लावलेली खोड. काळ्या दोऱ्याचं नवं रीळ समोरच होतं. भाच्याला भिंतीला टेकवून उभं केलं, टाचेपासून टाळूपर्यंत दोरा धरून तोडला, दुहेरी केला आणि ते अर्धं माप बेंबीच्या जरा वरून त्याच्या कमरेभोवती फिरवलं. दोन टोकं भेटलीच नाहीत. मध्ये चार बोटं अंतर राहिलं. पाच वर्षांवरच्या मुलाची कंबर त्याच्या उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, असा एक साधा ठोकताळा डॉक्टर मंडळी वापरतात. त्याला ना वजनकाटा लागतो ना तक्ता. मी तो आईला समजावून सांगायला लागलो, तेवढ्यात तिने दोरा माझ्या हातातून ओढून घेतला. "खाई ऱ्हायना ना पोऱ्या, खाऊ दे त्याले!" आई एरवी माझ्याशी मराठी बोलते, चिडली की अहिराणीवर येते.

बहिणीचं गाऱ्हाणं वेगळंच होतं. "दादा, याच्या मानेचा मळ काही निघत नाही रे." दर रविवारी बेसन-हळद लावून ती मान घासते. मागच्या महिन्यात लिंबाची फोड चोळली होती, कातडी सोलवटली, पट्टा तसाच. कॉलर उलटून पाहिलं तर मानेमागे काळसर, मखमलीसारखी जाडसर कातडी. काखेतही तेच. हा मळ नसतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, आणि त्या जादा इन्सुलिनने वळकट्यांमधली कातडी जाड आणि काळी होत जाते. खानदेशातल्या किती माउल्या आज आपल्या पोरांच्या माना घासत असतील, हा विचार त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

आईला हसण्याचा मला अधिकार नाही. 1972 च्या दुष्काळात ती लहान होती, दुष्काळी कामावर मिळालेली सुकडी खाऊन वाढली. तिच्या पिढीसाठी पोराच्या पोटावर वळी पडणं म्हणजे घरावरची साडेसाती टळल्याची खूण. शिवाय खानदेशात बारीक पोराची भीती उगाच नाही. उत्तरेला सातपुडा चढून धडगाव, मोलगी, अक्कलकुवा गाठलं की ती भीती आजही खरी आहे. नंदुरबारचं नाव पेपरात कुपोषणाशी जोडूनच येतं. त्यामुळे मूल म्हटलं की आपण सगळे, आजी काय आणि सरकार काय, एकाच बाजूने बघायला शिकलो: कमी तर नाही ना?

अंगणवाडीतली दंडाची पट्टी बघा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर त्या पट्टीने मोजतात. 11.5 सेंटिमीटरच्या खाली लाल, 12.5 पर्यंत पिवळा, त्याच्या वर हिरवा. पट्टी गुणी आहे, तिने लाखो पोरं वाचवली. पण हिरव्याच्या पुढे तिला रंगच नाही. मूल हिरव्यात आलं की सेविकाताई सुटकेचा निःश्वास टाकतात आणि ते मूल वहीतून बाजूला होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की हिरव्याच्या पुढेही पोरं आहेत, त्यांचंही पोषण बिघडलेलंच आहे, आणि त्यांच्या बिघाडाची सुरुवात पन्नाशीत होत नाही. ती आत्ता, सहावीच्या बाकावर बसल्या बसल्या रक्तवाहिन्यांत होते आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत कुपोषणामध्ये अतिवजनही येतं. आपल्या बोलण्यात मात्र कुपोषण म्हणजे फक्त बरगड्या.

गावात कोणाला चाळिशीत अटॅक आला की चर्चा ठरलेली. काल तर लग्नात नाचत होता, काही व्यसन नाही, ठणठणीत होता. मग कोणी टेन्शनवर घालतं, कोणी जिमवर. 'काल' हा शब्द त्यात उगाच येतो. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या 300 अमेरिकन सैनिकांच्या हृदयाची तपासणी 1953 मध्ये प्रसिद्ध झाली. सरासरी वय 22, निवडक धडधाकट पोरं. त्यातल्या शंभरात सत्त्याहत्तर जणांच्या हृदयाच्या धमन्यांत बिघाड डोळ्यांना दिसत होता. पुढे अमेरिकेतल्याच लुइझियाना राज्यात, बोगालुसा नावाच्या आपल्या तालुक्याएवढ्या गावात, डॉक्टर जेराल्ड बेरेन्सन यांनी 1970 च्या दशकात शाळकरी मुलांची तपासणी सुरू केली आणि ती अनेक दशकं चालवली. वजन, रक्तदाब, रक्तातली चरबी, सगळं टिपून ठेवलं. त्यातली काही मुलं, काही तरुण दुर्दैवाने अपघातात वगैरे गेले. अशा 2 ते 39 वयाच्या 204 जणांच्या शवचिकित्सेचे निष्कर्ष 1998 मध्ये आले. 2 ते 15 वयातल्या निम्म्या मुलांच्या हृदयाच्या धमन्यांत चरबीच्या पिवळट रेघा होत्या. एकविशीनंतरच्यांत त्या 85 टक्क्यांना होत्या. आणि जिवंतपणी ज्यांचं वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल जास्त नोंदलेलं, त्यांच्यात रेघांचा पसारा मोठा.

रेघ दिसली म्हणजे रोग झाला असं नव्हे, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर उद्या आया पोरांना घेऊन अँजिओग्राफीच्या रांगेत उभ्या राहतील. रेघा बहुतेकांना येतात. कोणाच्या जागच्या जागी राहतात, विरतात. कोणाच्या वाढून, घट्ट होऊन तिशी-चाळिशीत गाठी होतात. कोणाच्या कुठे जाणार, ते पुष्कळसं शाळेच्या वयात ठरायला लागतं.

आमच्या जळगाव जिल्ह्यात रक्तवाहिनी समजावायची तर ठिबकच्या नळीची उपमा हमखास येते. पाण्यातले क्षार साचतात, छिद्रं बुजतात, शेवटच्या खोडापर्यंत पाणी पोचत नाही, केळी वाळते. मीही वर्गात हीच उपमा देत होतो. आता देत नाही, किंवा अर्धीच देतो. नळी मेलेली वस्तू आहे. घाण बाहेरून येते आणि आत बसते, ॲसिड सोडून धुतली की साफ. धमनी जिवंत आहे. तिच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो, आणि तो थर सतत काम करत असतो: रक्ताचा जोर वाढला की नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करायचा, त्याने भिंतीतले स्नायू सैल पडतात, धमनी रुंदावते. हा वायू रक्तवाहिन्यांत निरोप्याचं काम करतो, या शोधासाठी 1998 चं वैद्यकाचं नोबेल दिलं गेलं. पोटावरची चरबी, चढलेलं इन्सुलिन, चढलेला रक्तदाब यांनी हाच थर आधी आजारतो. वायू कमी पडतो, धमनी आखडते, थराच्या फटींतून कोलेस्टेरॉल भिंतीत शिरतं, ते खायला पांढऱ्या पेशी येतात, खाऊन खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. पिवळी रेघ ती हीच. म्हणजे बुजण्याच्या कितीतरी आधी धमनी रुंदावणं विसरते.

हे विसरणं मोजता येतं. दंडाला पट्टा आवळून पाच मिनिटं रक्त अडवायचं, मग एकदम सोडायचं, आणि धमनी किती फुलते ते सोनोग्राफीवर पाहायचं. फुलणारी धमनी निरोगी. लठ्ठ मुलांची कमी फुलते, हे अनेक ठिकाणी दिसलं आहे. ऑस्ट्रेलियात 2004 च्या सुमारास 19 लठ्ठ किशोरवयीन मुलांकडून आठ आठवडे नियमित व्यायाम करून घेतला. वजन जवळपास होतं तेवढंच राहिलं. धमन्या मात्र निरोगी मुलांसारख्या फुलायला लागल्या. प्रयोग छोटा आहे, मान्य. पण काट्याकडे डोळे लावून बसलेल्या, महिनाभरात दोन किलो उतरले नाहीत म्हणून पोराला टोमणे मारणाऱ्या प्रत्येक घराने तो ऐकावा असा आहे.

दुसरा पुरावा मोठा आहे. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमधल्या चार दीर्घ अभ्यासांतली 6,328 माणसं, लहानपणापासून सरासरी 23 वर्षं पाठपुरावा, निष्कर्ष 2011 चा. लहानपणी लठ्ठ आणि मोठेपणीही लठ्ठ राहिलेल्यांत मधुमेह, रक्तदाब, मानेच्या धमनीची जाडी, सगळंच जास्त. पण लहानपणी अंगाने जास्त असून मोठेपणी लठ्ठ न राहिलेले? त्यांचा धोका कधीच लठ्ठ नसलेल्यांच्या जवळपास. पन्नाशीतल्या काकाला स्टेंट टाकून झाल्यावर आपण जे सांगतो ते डागडुजीचं सांगतो. सहावीतल्या पोराची पाटी अजून पुसता येते. मग आपण सगळी शक्ती काकावर का खर्च करतो?

यावर ठरलेला आक्षेप येतो: हे श्रीमंतांचे चोचले आहेत. देशात पाच वर्षांखालची शंभरातली पस्तीस मुलं खुजी, तिथे तुम्ही जाड पोरांचं काय घेऊन बसलात? आकडा खरा आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खुजेपण 35.5 टक्के आणि अतिवजन 3.4 टक्के. मात्र हे अतिवजन त्याआधीच्या पाहणीत 2.1 होतं. आणि दोन आकडे दोन वेगळ्या देशांतले नाहीत, कधीकधी ते एकाच मुलाच्या अंगात असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि बाळं यांचा अभ्यास चालवला. आपलं बाळ जन्मताना सरासरी 2.7 किलोचं, इंग्लंडमधलं साडेतीन किलोचं. हाडं लहान, स्नायू कमी, पण चरबी मात्र जवळजवळ त्यांच्याइतकी राखलेली. 'बारीक पण चरबीदार' असं हे बाळ. गर्भात तंगी सोसलेल्या अशा शरीराला पुढे पाचव्या-सहाव्या वर्षापासून मैदा, साखर, तेल भरपूर मिळालं की ते पोटावर चरबी साठवण्यात तरबेज निघतं.

किशोरवयाचे आकडे तर मला झोपू देत नाहीत. 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 10 ते 19 वयात अतिवजन असलेली मुलं शंभरात साधारण पाच. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली शंभरात दहा. म्हणजे उंबरठ्यावरची निम्मी तरी मुलं डोळ्यांना जाड दिसतच नाहीत. रक्तदाब वाढलेली पुन्हा शंभरात पाच. सातपुड्याच्या पाड्यावरून नंदुरबारच्या वसतिगृहात शिकायला आलेला, जन्मताना दोन-सव्वादोन किलोचा असलेला पोरगा आणि जळगावातल्या फ्लॅटमधला माझा भाचा, या दोघांना आपण दोन टोकांवर बसवतो. वेफर्स-नमकीनची पाच रुपयांची पुडी दोघांनाही सारखीच गाठते, आणि मला विचाराल तर पाड्यावरच्या पोराला ती जास्त महागात पडेल.

पुडीवर आलोच आहोत तर आमच्या शाळेच्या फाटकाशी थांबू. तिथे एक मावशी गाडी लावते, वीसेक वर्षं तरी झाली. पूर्वी तिच्याकडे बोरं, चिंचा, आवळे, तिखट-मीठ लावलेला पेरू, उकडलेल्या शेंगा, थंडीत हरभऱ्याचा टहाळ असायचा. आता गाडीवर तोरणासारख्या पुड्यांच्या लडी लोंबतात, शेंगा कुठेतरी कोपऱ्यात. मी एकदा विचारलं, मावशी, शेंगा का कमी केल्या? तिने हिशेबच मांडला. "सर, शेंगा उकडायला घरचा गॅस जळतो. उरल्या तर रात्री फेकाव्या लागतात. पुडी नासत नाही. एजंट गाडीवर आणून देतो, उरली तर परत नेतो." आणि केळी? "केळं दुपारपर्यंत काळं पडतं. काळ्या केळाला पोरं हात लावत नाहीत."

केळीच्या जिल्ह्यातली ही गोष्ट. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर-यावलच्या बागांतून ट्रक भरभरून केळी दिल्लीकडे जाते, भाव पडला की तीच बांधावर गुरांपुढे टाकतात, आणि बागेपासून दहा किलोमीटरवरच्या शाळेत पोरगं केळ्याचे वेफर्स खातं. शंभर ग्रॅम पिकल्या केळ्यात नव्वदेक कॅलरी आणि साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम, जे रक्तदाब खाली ठेवायला मदत करतं. तेच केळं कापून, तळून, मीठ मारून पुडीत भरलं की शंभर ग्रॅमला पाचशेच्या वर कॅलरी, आणि वरून मीठ. आमच्या भागात केळ्याने सर्दी होते, केळ्याने वजन वाढतं असं सांगणाऱ्या घरांत वेफर्सला कोणी बोल लावत नाही.

शेवभाजीवर माझा राग नाही, हे लिहून ठेवतो, नाहीतर खानदेशात राहणं मुश्कील होईल. वरण-बट्टीवरही नाही. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असली की मीही तेलाकडे बघत नाही. पण भरताबरोबर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी होती तिची जागा पुरीने घेतली, आणि आठवड्याची शेव रोजची झाली, पोह्यावर शेव, भातावर शेव, डब्यात शेव. दादरची, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीची, भाकरी पाहुण्यांसमोर ठेवायला लाज वाटायला लागली तेव्हापासून गणित फिरलं. मोबाइल आणि अपुरी झोप यांच्याबद्दल सगळेच लिहितात, मी पुन्हा लिहीत नाही.

आता सरकार काय करतंय? बरंच काही, आणि एकमेकांच्या उलट. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम 2020 चा आहे. माझ्या ओळखीच्या एकाही दुकानदाराने तो ऐकलेला नाही. समजा उद्या अंमलबजावणी झालीच, तर काय होईल ते मला आत्ताच दिसतं. पथक येईल, मावशीची गाडी उचलेल, आणि साठाव्या मीटरवरच्या किराणा दुकानात त्याच पुड्या विकल्या जातील. 2025 च्या मे महिन्यात सीबीएसईने आपल्या शाळांना भिंतीवर 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं, कोणत्या पेयात किती साखर ते पोरांना कळावं म्हणून. कल्पना चांगली. पण खानदेशातली बहुतेक पोरं जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत शिकतात, तिथे हा बोर्ड कोण लावणार? त्याच वर्षी फेब्रुवारीत पंतप्रधानांनी रेडिओवरून तेल दहा टक्के कमी वापरायला सांगितलं. आणि सप्टेंबरमध्ये जीएसटीची फेररचना झाली तेव्हा नमकीन, बिस्किटं, चॉकलेट, नूडल्स सगळी 5 टक्क्यांत आली. शीतपेयांवरचा भार तेवढा 40 टक्क्यांवर राहिला. एका हाताने पाटी लावायची, दुसऱ्या हाताने पुडी स्वस्त करायची. चिलीने 2016 मध्ये पाकिटावर काळा अष्टकोन छापायला लावला: साखर जास्त, मीठ जास्त. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही काळा ठिपका कळतो. आपल्याकडे पाकिटामागची बारीक इंग्रजी वाचायला मलाच चष्मा पुसावा लागतो.

सगळ्यात जास्त खटकली ती अंड्या-केळ्याची गोष्ट. 2023 च्या नोव्हेंबरात राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं, अंडं न खाणाऱ्यांना केळं किंवा स्थानिक फळ, असा निर्णय काढला. कुपोषित पोराला प्रथिनं, जाड पोराला पुडीऐवजी खरं अन्न, आणि आमच्या केळीवाल्याला घरच्या दाराशी गिऱ्हाईक. इतका सरळ निर्णय क्वचित होतो. 2025 च्या जानेवारीत त्याचे पैसे बंद केले.

मैदानाचंही तसंच. पाच ते सतरा वयात रोज तासभर तरी दम लागेल असं खेळणं हवं, हे जगमान्य माप. भुसावळ-जळगावला मार्चपासून ऊन चढतं, एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 वर. दुपारी चारला पोराला मैदानावर पाठवणं हा अत्याचार ठरेल. मग खेळायचं कधी? दिवस मावळल्यावर. तेव्हा शाळेचं फाटक बंद असतं, किंवा मैदानावर कोणाचं तरी रिसेप्शन असतं. मुलींची कथा आणखी वेगळी. आठवीत गेली की ती मैदानावरून गायब होते, क्लासला जाते, घरी येते, बसते. कोणी तिला मनाई केलेली नसते, पण अंधारात मैदानावर थांब असंही कोणी म्हणत नाही. मैदानाच्या खांबावर दोन दिवे लावून संध्याकाळी साडेसहा ते आठ फाटक उघडं ठेवायला किती खर्च येईल? कोणत्याही नगरपालिकेच्या एका सत्कार समारंभापेक्षा कमीच.

माझं मुख्य मागणं मात्र याहून साधं आहे: शाळेत वर्षातून एकदा प्रत्येक मुलाचा रक्तदाब मोजा, आणि उंचीच्या अर्ध्या दोऱ्याने कंबर मोजा. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2017 मध्ये तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी रक्तदाब बघा असं सांगितलं आहे. आमच्या शाळेत दरवर्षी तपासणीचं पथक येतं. उंची, वजन, डोळे, दात. मागच्या वर्षी मी पथकातल्या ताईंना विचारलं, बीपी नाही बघत? त्यांनी बॅगेतून पट्टा काढून दाखवला. मोठ्या माणसाचा. पाचवीतल्या काडीसारख्या दंडाला तो दोनदा गुंडाळला तरी सैल. मोठ्या पट्ट्याने बारीक दंडाचा रक्तदाब खरा असतो त्याहून कमी दिसतो, आणि जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर उगाच जास्त दिसतो. म्हणून दोन-तीन मापांचे पट्टे लागतात. "सर, एका दिवसात चारशे पोरं. वेळ कुठून आणू?" त्यांचंही खरं होतं.

मोजमाप म्हणजे अपमान, अशी भीती काही पालकांना वाटते, आणि ती रास्त आहे. वजनकाट्यावर उभं करून वर्गासमोर आकडा ओरडणारे शिक्षक मी पाहिले आहेत. एकेकाळी मीही त्यातलाच होतो. 'ढोल्या' म्हणवून घेतलेलं पोर दुसऱ्या दिवसापासून पीटीच्या तासाला पोट दुखतंय म्हणून वर्गात बसतं, म्हणजे त्याला ज्या एका गोष्टीची गरज आहे तिथूनच आपण त्याला हाकलतो. दोरा बंद खोलीत फिरवावा, चिठ्ठी पाकिटात घालून घरी जावी. आणि बारीक पोरांचाही रक्तदाब मोजायचा असल्यामुळे कोणा एकाला वेगळं काढल्यासारखं होणार नाही. लठ्ठपणाची सगळी नीती पोराच्या इच्छाशक्तीवर टाकणं हे तर मला निव्वळ हात झटकणं वाटतं. फाटकावर पुडी मोठ्यांनी टांगली, मैदान मोठ्यांनी भाड्याने दिलं, आणि संयम मात्र अकरा वर्षांच्या पोराने दाखवायचा.

भाच्याला आम्ही डॉक्टरांकडे नेलं. तीन वेगवेगळ्या दिवशी मोजला, तिन्ही वेळा रक्तदाब वयाच्या मानाने वर. गोळी दिली नाही, सहा महिने बघू म्हणाले. बहिणीने मान घासणं थांबवलं आहे. आईने नवा करदोडा बांधला, पण दोरा तोडताना माझ्याकडे बघितलं नाही.

दिवाळीनंतर शाळेच्या सभेत मी विषय मांडला: रक्तदाबाचं एक यंत्र आणि मुलांच्या मापाचे दोन पट्टे. मुख्याध्यापकांनी आढेवेढे न घेता मान हलवली. शाळेचे कारकून भाऊसाहेब, त्यांनी रजिस्टर उघडलं, रकमेच्या रकान्यात आकडा टाकला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"सर, कोणत्या हेडात टाकू?"

"कुपोषण," मी म्हटलं.

ते मनापासून हसले. मग त्यांनी लिहिलं, 'किरकोळ'.